ग्राहकाची अडचण प्रोग्रामरपर्यंत पोहोचत का नाही?

हिशेबनीस
औषध दुकानांसाठी बिलिंगचे सॉफ्टवेअर बनवणारी आमची लहान कंपनी आहे. प्रोग्रामर आणि सपोर्टची मंडळी एकाच मजल्यावर बसतात. तरीही आम्ही हौसेने दिलेल्या बहुतेक नव्या सुविधा दुकानदार उघडूनही पाहत नाहीत. माणसे हुशार असूनही उपयोगी असे नवे काही का निघत नाही?

कोयनाकाठ
पुण्याच्या क्विक हील या अँटीव्हायरस (संगणकातले व्हायरस काढणारे सॉफ्टवेअर) बनवणाऱ्या कंपनीची सुरुवात पाहा. तिचे संस्थापक कैलाश काटकर यांचे शिक्षण दहावीपर्यंतचे. कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता ते संगणक दुरुस्तीकडे वळले. दुरुस्तीला येणाऱ्या अनेक संगणकांत बिघाड यंत्राचा नसून व्हायरसचा आहे, हे ध्यानात आल्यावर संगणकशास्त्र शिकणारे धाकटे बंधू संजय यांनी ते व्हायरस काढणारे छोटे प्रोग्राम लिहिले आणि त्यातूनच पुढे अँटीव्हायरस उभे राहिले. २०१६ मध्ये ही कंपनी शेअर बाजारात आली. ग्राहकाचे यंत्र उघडणारा आणि प्रोग्राम लिहिणारा यांच्यामध्ये तिसरे कोणी नव्हते, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. (आपल्याकडे दोन भाऊ इतकी वर्षे एकाच धंद्यात टिकले, हेही नवलच!)

शंकासूर
भावांमधला विश्वास पगारी माणसांत आपोआप येत नाही. थ्रीएम कंपनीत स्पेन्सर सिल्व्हर यांना १९६८ मध्ये हलकेच चिकटणारा आणि सहज सुटणारा गोंद सापडला, पण त्याचा उपयोग कोणालाच सुचेना. ते कंपनीतल्या कंपनीत त्यावर व्याख्याने देत राहिले. त्यांपैकी एक व्याख्यान ऐकलेले कंपनीतलेच आर्ट फ्राय चर्चमध्ये गात असत. प्रार्थनागीतांच्या पुस्तकात खुणेला ठेवलेल्या चिठ्ठ्या गळून पडतात, या त्रासावर त्यांना १९७४ मध्ये तो गोंद आठवला. त्यातून घडलेल्या पोस्ट-इट, म्हणजे चिकटवून सहज काढता येणाऱ्या चिठ्ठ्या, अमेरिकाभर विक्रीला आल्या त्या १९८० मध्ये. तेव्हा नुसते शेजारी बसवून भागत नाही, ज्याचे काम नाही त्यालाही ऐकायला सवड द्यावी लागते. तुमच्याकडे सपोर्टचे काम कशावर मोजतात?

हिशेबनीस
दिवसभरात किती कॉल बंद केले, यावर. आपला प्रश्न वाचून सपोर्टच्या एका ताईंना सहज विचारले, तर त्यांनी वहीच काढून दाखवली. गिऱ्हाईक दहाच्या पट्टीतल्या चारच गोळ्या मागते, तेव्हा उरलेल्या सहांचा मेळ बसवण्यासाठी दुकानदार काय काय युक्त्या करतात, ते त्यांनी पानभर लिहून ठेवले होते. प्रोग्रामरना यातले काहीच ठाऊक नव्हते.

शंकासूर
कसे असणार? ताईंनी तो कॉल खोलात जाऊन समजून घेतला असता, तर त्यांचाच आकडा घसरला असता. आधी ते मोजमाप बदला. सुट्या गोळ्यांच्या सुविधेचा आराखडा ताईंनी आणि एका प्रोग्रामरने मिळून करावा, आणि तो पूर्ण होईपर्यंत ताईंकडे कॉल देऊ नयेत.

कोयनाकाठ
सहमत. आणि ती सुविधा बाहेर पडेल तेव्हा ग्राहकांना जाणाऱ्या पत्रकात ताईंचे नाव प्रोग्रामरच्या बरोबरीने छापा. आपल्याकडे नेमके तेच राहून जाते.