मुंबईत पीएम २.५ मोजताना: पावसाळ्यात फुगणारे आकडे आणि जागांची तुलना

प्रश्न
चेंबूर, कुर्ला, वांद्रे, बोरिवली इथल्या सोसायट्यांत पीएमएस५००३ सेन्सर लावून वर्षभर पीएम २.५ (हवेतले २.५ मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण) मोजायचं आहे. जुलैत पाऊस थांबला की आकडा चढतो, जवळच्या सरकारी केंद्रावर मात्र तसं दिसत नाही. का? आणि चार जागांची तुलना २४ तासांच्या सरासरीवर चालेल का?

उत्तर १
तो चढ मुख्यतः दमटपणाचा. हा सेन्सर कणांचं वजन करत नाही, कणांवरून विखुरलेला लेझरचा प्रकाश मोजतो. आर्द्रता ७५-८० टक्क्यांपुढे गेली की सल्फेट, नायट्रेट, समुद्री मीठ यांचे कण पाणी शोषून फुगतात आणि जास्त प्रकाश विखुरतात. केंद्रावरच्या बीटा यंत्रात (बीटा किरणांवरून कणांचं वजन काढणाऱ्या) हवा आत येतानाच तापवून कोरडी करतात.

चारही सेन्सर आधी निदान दोन आठवडे केंद्राशेजारी एकत्र चालवा. हिवाळ्यात एकदा, पावसाळ्यात पुन्हा. त्यावरून आकडे सुधारायचं सूत्र काढा, पण एका ऋतूचं सूत्र दुसऱ्याला लागत नाही. पीएम १० चा (१० मायक्रॉनपर्यंतच्या कणांचा) रकाना सोडून द्या. मोठे कण याला नीट पकडता येत नाहीत, अरबस्तानातली धूळ आली तरी तो आकडा फारसा हलणार नाही.

उत्तर २
घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅमच्या राष्ट्रीय मर्यादेशी ताडायला २४ तासांची सरासरी हवीच. जागांची तुलना तिच्यावर करू नका, मुंबईत तर नाहीच. दुपारी खारा वारा वांद्र्याची हवा धुऊन काढतो आणि सगळं पूर्वेकडे ढकलतो. रात्री मतलई वारा तेच परत समुद्राकडे आणतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे थंड हवा खाली, उबदार वर, म्हणून धूर वर जात नाही. सकाळी ६ ते १० आणि दुपारी २ ते ५ वेगळे काढा, वाऱ्याची दिशा सोबत नोंदवा. चेंबूरला माहुलच्या रिफायनऱ्या एका बाजूला, देवनारचं डम्पिंग दुसऱ्या बाजूला. दिशेशिवाय तिथल्या आकड्याचा अर्थच लागत नाही.

उत्तर ३
उंची ३ ते १० मीटर, तोंड खाली, हॉटेलची चिमणी आणि जनरेटरपासून लांब. आत कोळी किड्यांनी जाळं केलं की आकडे बिघडतात, दर महिन्याला बघा. सेन्सर पीएम २.५ चे दोन रकाने देतो, ‘सीएफ १’ (कारखान्यातल्या प्रमाणित कणांवर बेतलेला) आणि ‘वातावरणीय’ (बाहेरच्या हवेसाठीचा). हवा खराब असताना पहिला बराच जास्त दाखवतो. चारही ठिकाणी एकच धरा.

प्रश्नकर्ता
मग ९० टक्क्यांवरच्या आर्द्रतेच्या नोंदी सरळ गाळू का?

उत्तर १
नको. पावसाळ्यातल्या बहुतेक रात्री निघून जातील आणि उरेल ती दुपारची सरासरी. खूण करून ठेवा, सुधारित आणि मूळ असे दोन्ही आकडे जपा.