मदत हवी आहे: सुतारकाम वडिलांकडेच शिकावं की आधी बाहेर?

वडिलांचाच सुतारकामाचा धंदा पुढे चालवायचा असेल, तर पहिली दोन वर्षं दुसऱ्या मिस्त्रींच्या हाताखाली काढावीत का? घरी शिकताना मोठी अडचण ही की वडिलांचा हात सराईत असतो, पण तो तसा का चालतो हे त्यांना सांगता येत नाही. उदाहरणार्थ, पटाशीला (लाकूड कोरायच्या सपाट छिन्नीला) 25 अंशांचा उतार देऊन अगदी टोकाशी 30 अंशांची धार लावतात. दगडावर घासताना मनगट डुललं की धार गोल होते, खाच साफ निघत नाही आणि सांध्यात फट राहते. इथे चुकलं की वडील हत्यार काढून घेतात आणि स्वतःच काम उरकतात. शिकणं तिथेच थांबतं. लाकडाचा हिशोब, गिऱ्हाइकाशी बोलणं तर फार उशिरा हाती येतं. दोन्ही वाटा जवळून पाहिलेल्यांनी कृपया सांगा: बाहेर आधी काय शिकावं, आणि वडिलांना न दुखावता हा विषय कसा काढावा?