कवटीतील दाब वाढल्यावर डोळ्यांत दिसणारी अनपेक्षित लक्षणे

प्रश्न : माझ्या धाकट्या बहिणीचे तीन आठवड्यांपासून डोके दुखते, वाकल्यावर काही सेकंद डोळ्यांपुढे अंधारी येते आणि आता दूरच्या वस्तू दोन-दोन दिसतात. चष्म्याचा नंबरही प्लसकडे सरकला आहे. हे कवटीतील दाबामुळे असू शकते का?

उत्तर १ : असू शकते. मेंदूकडून निघणारा सहावा मज्जातंतू कवटीत लांबची वाट चालतो. दाब वाढला की तो ताणला जातो, डोळा बाहेरच्या बाजूला पुरेसा वळत नाही आणि त्यामुळे, विशेषतः दूर पाहताना, दोन प्रतिमा शेजारी-शेजारी दिसतात. नंबराचे कारण मला अधिक विलक्षण वाटते : दृष्टितंतूभोवतीच्या आवरणातील द्रवाचा दाब नेत्रगोलाची मागची भिंत चपटी करतो, गोल आखूड होतो आणि नंबर प्लसकडे जातो.

उत्तर २ : तान्ह्या बाळात चित्र वेगळे असते. टाळू फुगते आणि नजर खाली ओढली जाऊन बुबुळाच्या वर पांढरा भाग दिसतो. डॉक्टर त्याला ‘मावळत्या सूर्याचे’ लक्षण म्हणतात.

उत्तर ३ : बहिणीला आजच नेत्रतज्ज्ञांकडे न्या आणि बाहुली मोठी करून दृष्टिपटल तपासून घ्या. दृष्टितंतूच्या टोकाला सूज असेल, तर शिरांच्या चित्रणासह एमआरआय आधी आणि पाठीतून पाणी काढून दाब मोजणे नंतर, हा क्रम असतो. मुरुमांसाठी डॉक्सिसायक्लिन किंवा अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू असल्यास तेही अवश्य सांगा.