मुलीला फायनान्शियल मॅथेमॅटिक्स करायचंय. एमएस्सी की अ‍ॅक्च्युअरीच्या परीक्षा?

नमस्कार मंडळी. मी इचलकरंजीत २६ वर्षं विमा एजंट आहे. थोरली मुलगी यंदा टीवायबीएस्सीला गेली, गणित घेऊन. आमच्यात या वाटेने आजवर कुणी गेलेलं नाही, म्हणून विचारतोय.

मला कळणारी वाट अ‍ॅक्च्युअरीची, म्हणजे विम्यातल्या जोखमीचा आणि हप्त्याचा हिशोब मांडणाऱ्याची. गेल्या दिवाळीत तिने माझं जुनं दरपुस्तक काढलं. वय ३५, मुदत २० वर्षं. विमाधारकांचा २०१२-१४ चा मृत्युदर तक्ता घेतला, ६ टक्के व्याज धरलं आणि हजार रुपयांच्या विम्यामागचा हप्ता स्वतः काढला. पुस्तकातल्यापेक्षा कमी आला. मला वाटलं, चुकली. तर म्हणते, "नाही बाबा, उरलेल्यात बोनसची तरतूद, ऑफिसचा खर्च आणि तुमचं कमिशन." इतकी वर्षं लोकांना तो आकडा वाचून दाखवला, येतो कुठून ते त्या दिवशी कळलं.

पण हिचं मन ब्राउनियन मोशन (भावांच्या बेभरवशी चढउताराचं गणित), ऑप्शनच्या (ठरल्या भावाने पुढे खरेदी-विक्री करायच्या हक्काच्या) किमती, असल्या गोष्टींत. एका खासगी संस्थेत या एमएस्सीची चौकशी केली. माहितीपत्रकात पानोपानी 'क्वांट', म्हणजे बाजारासाठी गणिती मॉडेल बनवणारे. तिथून गेल्या वर्षी बाहेर पडलेल्या मुलीला गाठलं, तर ती म्हणाली, "काका, मी दिवसभर एक्सेलमध्ये रिपोर्ट जुळवते." आणि फी अशी की कर्जाशिवाय भागायचं नाही.

तर या डिग्रीवर खरं काम काय मिळतं? आणि दोन्ही वाटा धरता येतात का?

तिसरी लोकल: काका, मी मुंबईत बँकेच्या मार्केट रिस्कमध्ये आहे, म्हणजे बाजारातल्या चढउताराने बँकेला किती तोटा होऊ शकतो ते पाहणाऱ्या विभागात. आमचं रोजचं काम सांगतो. मॉडेल म्हणतं, उद्याचा तोटा १०० पैकी ९९ दिवस या रकमेच्या आत राहील. मग मागचे २५० दिवस तपासायचे. तोटा दोन-तीनदा रेषेबाहेर जाणं अपेक्षितच. ४ पर्यंत चालतं, १० झाले की मॉडेल नापास. इटो (ब्राउनियन मोशनवरचं कॅल्क्युलस) रोज लागत नाही, पायथन आणि एसक्यूएल या संगणकाच्या भाषा लागतात. पण गणित पक्कं नसेल तर मॉडेलवाल्याला प्रश्न विचारता येत नाही, आणि पगार त्या प्रश्नांचा असतो. कर्ज काढण्याआधी तिला जॅमचा (आयआयटी वगैरेंतल्या एमएस्सीची प्रवेश परीक्षा) मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्सचा पेपर आणि आयएसआयच्या (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट) एम.स्टॅटची, म्हणजे संख्याशास्त्रातल्या मास्टर्सची, प्रवेश परीक्षा देऊ द्या. डिग्रीच्या नावात 'फायनान्शियल' नसलं तरी अडत नाही.

अर्धी अ‍ॅक्च्युअरी: माझे पाच पेपर झालेत, नोकरी करत करत. एसीईटी, म्हणजे अ‍ॅक्च्युअरीची प्रवेश परीक्षा, कॉलेजात असतानाच देता येते, मग सीएस१ (संख्याशास्त्र) आणि सीएम१ (विम्याचं गणित) हे पेपर. त्या दोघांवर इंटर्नशिप शोधा. नोकरीआधी पेपरांचा ढीग लावू नका, अनुभव नसेल तर कंपन्या बिचकतात. आणि ताईला सांगा, ब्राउनियन मोशन आणि ब्लॅक-शोल्स (ऑप्शनची किंमत काढायचं सूत्र) आमच्याच सीएम२ या पेपरमध्ये आहेत. १९७३ चं ते सूत्र आम्हीही घोकतो.

धागाकर्ता: दोघांचे आभार. सीएम२ चं वाचून दाखवलं तर बाईसाहेब अभ्यासक्रम उघडूनच बसल्या, जेवायला दोनदा हाक मारली. एसीईटी देते म्हणाली, पण एम.स्टॅटचे जुने पेपरही हवेत. त्यासाठी कोल्हापूर-सांगली भागात कुणी शिकवणारं आहे का, की पुण्यालाच पाठवावं लागेल?