एकहाउटच्या चित्रांवर किती विसंबायचं?

रेषा_आणि_रंग (धागाकर्ता): ब्राझीलच्या मूळ रहिवाशांची युरोपीय चित्रं म्हटली की सगळी एकाच पोत्यात भरली जातात. मला ते पटत नाही. ताम्रपटावर चित्रं कोरून छापणारा थिओडोर द ब्री अमेरिकेत कधी गेलाच नाही. 1592 मधली त्याची तुपिनांबांची (ब्राझीलच्या किनाऱ्यावरची तुपी भाषा बोलणारी जमात) ताम्रपटचित्रं त्यांच्या कैदेत राहिलेल्या हान्स स्टाडेन या जर्मनाच्या 1557 च्या पुस्तकातल्या ओबडधोबड लाकडी ठशांवरून बेतलेली, त्यात शरीरं ग्रीक पुतळ्यांची. डच चित्रकार आल्बर्ट एकहाउट मात्र 1637 ते 1644 तिथला गव्हर्नर योहान मॉरिट्स याच्या पदरी डच ब्राझीलमध्ये (डचांच्या ताब्यातल्या ईशान्य ब्राझीलमध्ये) राहिला. त्याची माणसांची आठ पूर्णाकृती चित्रं, प्रत्येक सुमारे पावणेतीन मीटर उंच, कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. तुपी पुरुषाच्या पायाशी कापलेला मॅनिओक दिसतो. आपला साबुदाणा त्याच कंदाचा. मामेलुका (युरोपीय आणि मूळ रहिवासी अशा मिश्र वंशाची) स्त्री काजूच्या झाडाखाली उभी आहे, आणि 'काजू' हा शब्दही तुपी 'अकाजू'वरूनच पोर्तुगीजांमार्फत आपल्याकडे आला. झाडं इतक्या बारकाईनं पाहणाऱ्याची माणसंही प्रत्यक्ष पुरावा मानावीत, असं माझं मत.

ताम्रपट: साफ असहमत. झाड खरं म्हणून माणूस खरा, हे कुठलं तर्कशास्त्र? 1641 ची 'तापुया स्त्री' बघा: हातात तुटका पंजा, पाठीवरच्या टोपलीत तुटकं पाऊल. चित्रात 'तापुया' म्हटलेली ही माणसं तारैरिउ जमातीची. डच काळातल्या लेखनानुसार ती आपल्याच मृत नातलगांचं मांस खात, शोकविधी म्हणून. टोपलीत बाजाराच्या सामानासारखं पाऊल ठेवलं की बघणाऱ्याला दिसते ती माणसांची शिकार. विधीचा अर्थच उलटा झाला.

शिवाय ही चित्रं सुटी नाहीत, जोड्या आहेत. तुपी स्त्रीच्या मागे मळ्यातल्या झाडांच्या सरळ रांगा, तुपी पुरुषाच्या कमरेला युरोपीय सुरी. तापुया पुरुषाच्या पायाशी साप आणि कोळी. वसाहतीच्या किती जवळ, त्यावर माणूस किती 'सुधारलेला', अशी ही उतरंड आहे. ती चित्रकारानं रचली, निसर्गानं नाही.

रेषा_आणि_रंग: पावलाचा मुद्दा मान्य, उतरंडीचाही. पण म्हणून सुरी, धनुष्य, टोपलीचा विणकाम-प्रकार हेही खोटं ठरवायचं का? चित्रातली एकेक वस्तू सुटी करून ताडून बघा. ऑग्सबर्गच्या सुमारे 1505 च्या ठशात ब्राझीलची माणसं पिसांच्या घागऱ्यात आहेत. तुपिनांबा पुरुष ऱ्हीया या शहामृगासारख्या पक्ष्याच्या पिसांचा गुच्छ मागे कमरेवर बांधत. घागरा त्यांचा नव्हेच. तरी पुढे युरोपातल्या 'अमेरिका' नावाच्या मूर्तींनाही तो नेसवला गेला. अशी नक्कल एकहाउटमध्ये नाही, आणि मला तेच मोलाचं वाटतं.

गुआरा: वस्तू ताडायच्या तर खरा नमुना तुपिनांबांचा लाल पिसांचा झगा. गुआरा पक्ष्याची पिसं गाठींच्या जाळीत ओवलेली. त्याची कोपनहेगनमध्ये 1689 पासून नोंद, 2024 मध्ये तो ब्राझीलला परतला.

पण 'प्रत्यक्ष गेला होता' ही कसोटी अपुरी आहे. फ्रेंच चित्रकार देब्रे 1816 ते 1831 ब्राझीलमध्येच होता, तरी त्याच्या मूळ रहिवाशांच्या शिळाछापांतले अनेक तपशील रिओच्या संग्रहालयातल्या वस्तूंवरून आणि इतरांच्या वर्णनांवरून जुळवलेले. म्हणून एका चित्रात दोन जमातींची आभूषणं एकत्र आली, तर आधी संग्रहालयाचा संशय घ्यावा.

छापील चित्रांत आणखी एक खाच आहे. कोरणारा मूळ चित्र जसंच्या तसं पत्र्यावर उतरवतो आणि छापताना ते आरशासारखं उलटतं. म्हणून कोण डावखुरा, रंग कोणत्या गालावर, हे तशा छापावरून ठरवू नये. तैलचित्रात हा घोळ नाही, पण तारखेचा आहे. मॉरिट्सच्याच पदरी असलेला वाखेनेर 1641 मध्ये ब्राझील सोडून गेला, तरी त्याच्या जलरंगांच्या वहीत एकहाउटचा तुपी पुरुष आहे; एकहाउटच्या कॅनव्हासवर मात्र तारीख 1643. म्हणजे ती तारीख चित्र पुरं झाल्याची. माणूस समोर उभा राहिला तो दिवस वेगळा.

ताम्रपट: हे पटलं. मग चित्राखालच्या नावापासून सुरुवात करू. 'तापुया' हा तुपी शब्द, आपल्यात न मोडणाऱ्या परक्या भाषेच्या लोकांसाठी. डचांनी शेजाऱ्यांनी ठेवलेलं नावच उचललं. संग्रहालयांनी तिथे 'तारैरिउ' लिहावं.