टूर्निकेटचा दाब सरसकट ३०० ठेवावा का?

प्रश्न (स्टाफ नर्स, अस्थिरोग ओटी, विदर्भ):
शस्त्रक्रियेत हातापायाचा रक्तप्रवाह तात्पुरता थांबवण्यासाठी जो फुगवायचा पट्टा (कफ) बांधतात, त्या टूर्निकेटसाठी आमच्याकडे पायाला ३०० आणि हाताला २५० मिमी पाऱ्याचा दाब ठरलेलाच आहे. रुग्ण कृश आजी असोत वा धिप्पाड तरुण, आकडा बदलत नाही. कफ बांधणे, वेळ नोंदवणे आणि नंतर त्वचा तपासणे हे काम आम्हा परिचारिकांचेच असल्यामुळे, दाब नेमका कशावरून ठरवावा हे अनुभवी सहकाऱ्यांनी कृपया सांगावे.

उत्तर १ (ओटी इन्चार्ज):
सिस्टर, दाब रुग्णागणिक मोजूनच ठरवावा. भूल दिल्यानंतर रक्तदाब स्थिरावला की कफ हळूहळू फुगवत, त्याच्या खालच्या भागातील नाडीचा आवाज डॉप्लरवर (रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणाऱ्या यंत्रावर) कोणत्या दाबाला बंद होतो ते पाहावे. तो दाब १३० पर्यंत असल्यास त्यात ४०, १३१ ते १९० असल्यास ६० आणि त्याहून अधिक असल्यास ८० मिळवावेत; लहान मुलांसाठी ५० मिळवणे पुरते. म्हणजे ज्या आजींची नाडी १४० ला थांबते त्यांना २०० पुरेसे आहेत, आणि वरचे १०० केवळ त्यांच्या नसांवर पडतात. रुंद कफ वापरल्यास हा आकडा आणखी खाली येतो. मोजलेला आकडा टाइम-आउटच्या (शस्त्रक्रियेआधी सर्वांनी थांबून करायच्या पडताळणीच्या) वेळीच मोठ्याने सांगावा. समोर मोजमाप असले की सर्जनही सहसा अडून बसत नाहीत.

उत्तर २ (स्क्रब नर्स):
दाबाइतकीच काळजी कफखालच्या कापसाची घ्यावी, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. पेंटिंग करताना, म्हणजे त्वचेला जंतुनाशक लावताना, स्पिरिट किंवा बीटाडीन ओघळून कापसात मुरले, तर दाबाखाली तासभर राहिलेल्या ओल्या कापसाने त्वचा भाजते आणि कफ काढल्यावर मांडीभोवती लाल पट्टा किंवा फोड दिसतात. त्यामुळे पेंटिंगपूर्वीच कफच्या खालच्या कडेला चिकट ड्रेप (आवरण) लावावा, आणि तरीही कापूस भिजल्यास कफ फुगवण्याआधी तो बदलावा, मग सर्जन कितीही घाई करोत. बांधलेला कफ फिरवून सरळ करू नये, कारण त्याने कातडी खेचली जाते. तो सोडून पुन्हा बांधावा.

उत्तर ३ (भूलतज्ज्ञ):
आपण विदर्भातील आहात म्हणून आवर्जून लिहितो: कफ बांधण्यापूर्वी सिकलसेलचा (आपल्या भागात बराच आढळणाऱ्या आनुवंशिक रक्तविकाराचा) अहवाल पाहावा आणि तो पॉझिटिव्ह असल्यास टूर्निकेट वापरावे की नाही, याचा निर्णय सर्जन व भूलतज्ज्ञ यांनी मिळून घ्यावा. प्रतिजैविकाचा डोस कफ फुगवण्याआधी पूर्ण गेलेला असावा, अन्यथा औषध त्या अवयवापर्यंत पोहोचतच नाही. हाताला ६० आणि पायाला ९० मिनिटे झाली की वेळ मोठ्याने सांगावी. कफ सोडण्यापूर्वीही आम्हाला अवश्य कळवावे, कारण त्या क्षणी रक्तदाब उतरतो, आणि पूर्वसूचना असेल तर सलाइन व औषधे तयार ठेवता येतात.