कार्बोरेटरमधून पेट्रोल गळून राहिलं: कुठून, काहून आणि उपाय काय?

एमएच ३१ च्या जुन्या स्प्लेंडर, सीडी १००, आरएक्स १००, बुलेट अजून नागपुरात रोज धावतात. एप्रिल २०२० पासून बहुतेक नव्या गाड्या फ्युएल इंजेक्शनच्या झाल्या आणि कार्बोरेटर मन लावून उघडणारे हात कमी झाले. गळती दिसली की सरळ नवं कार्बोरेटर सुचवलं जातं, बिघाड मात्र बहुतेकदा निडल (पेट्रोलची वाट बंद करणारी सुई), ओ-रिंग (सांध्यातलं रबरी कडं) किंवा पाइपचा निघतो. ज्यांनी स्वतः उघडलंय त्यांनी वर आपल्या भागाचं नाव टाकून नेमकं लिहा. कुठून गळत होतं, कसं ओळखलं, काय बदललं?

महाल
आधी ओली जागा शोधा, मग पाना उचला. टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटर कोरडं पुसा, बाहेरून टाल्कम पावडर भुरभुरा, कॉक उघडून ५ मिनिटं थांबा. पावडर पहिल्यांदा जिथे ओली होईल, तिथेच बिघाड. जास्तीचं पेट्रोल बाहेर सोडणाऱ्या ओव्हरफ्लो नळीतून थेंब आले तर निडल, फ्लोट (पेट्रोलवर तरंगून निडल दाबणारा) किंवा ती नळी. बाऊलच्या, म्हणजे खालच्या पेट्रोलच्या वाटीच्या, सांध्यावर ओल असेल तर ओ-रिंग. सगळ्यात खाली असेल तर बाऊल रिकामं करायचा ड्रेन स्क्रू. वरून ओघळ येत असेल तर पेट्रोल पाइप किंवा कॉक.
मे महिन्यात ही तपासणी पहाटे करा. दुपारी ४५ अंशांत बारीक गळती थेंब व्हायच्या आधीच उडून जाते, मागे फक्त पिवळट डाग आणि वास उरतो. आणि उकडतं म्हणून कूलरसमोर बसून कार्बोरेटर उघडू नका. स्विचच्या ठिणगीने पेट्रोलची वाफ पेट घेते.

मानेवाडा
निडलच्या रबरी टोकावर नख फिरवा. गोल खाच लागली तर ती निडल गेली, घासून काही होत नाही. टोक गुळगुळीत असेल तर सीट, म्हणजे निडल जिथे टेकते ते भोक, पाहा. इअरबडला थोडी मेटल पॉलिश लावून सीटमध्ये २०–२५ वेळा फिरवायची, मग पेट्रोलने स्वच्छ धुवायची. तार किंवा पेचकस घालू नका, एक ओरखडा पडला की सीट कायमची गळते.
जोडण्याआधी परीक्षा घ्या. कार्बोरेटर उलटं धरा म्हणजे फ्लोट आपल्या वजनाने निडल दाबेल. पेट्रोल येतं त्या तोटीला स्वच्छ पाइप लावून तोंडाने हलकं फुंका. हवा जायला नको. सरळ केलं की लगेच जायला हवी.

सदर
पॉलिशचा उपाय तात्पुरता, असं माझं ठाम मत. मिकुनी कंपनीच्या अनेक कार्बोरेटरमध्ये सीट पान्याने खोलता येते. तिथे निडल आणि सीट जोडीनेच बदला, आणि सीटखालचा वॉशर विसरू नका. तो दबलेला असेल तर नवी निडल टाकूनही गळत राहतं. सीट बॉडीत ठोकून बसवलेली असेल तरच पॉलिश.
फ्लोटची उंची मोजताना निडलच्या शेपटीतली बारीक स्प्रिंग दबू द्यायची नाही. कार्बोरेटर तिरपं धरून फ्लोटची पत्ती निडलच्या शेपटीतल्या पिनला नुसती टेकली की मोजायचं. स्प्रिंग दाबून मोजलं तर माप चुकतं, त्यावरून पत्ती वाकवली की पातळीही चुकते.

इतवारी
निडल तीनदा बदलूनही ओव्हरफ्लो थांबत नसेल तर बाऊलच्या आत उभी असलेली पितळी ओव्हरफ्लो नळी तपासा. बाऊल काढा, कागदावर ठेवा, नळीच्या तोंडाच्या खाली राहील इतकं पेट्रोल भरा. १० मिनिटांत कागद ओला झाला तर नळीला उभी चीर आहे किंवा बुडाशी ती सैल झालीय. डोळ्याला ही चीर सहसा दिसतच नाही, म्हणून माणसं उगाच निडलवर पैसे घालतात. बाऊल नीट धुऊन पूर्ण वाळवल्यावर चीर झाळून घेता येते.
फ्लोट पितळी असेल तर गरम पाण्यात बुडवा. भोक असेल तिथून बुडबुडे येतात. आत पेट्रोल शिरलेला फ्लोट मात्र झाळू नका, फुटतो. नवाच घ्या.

हिंगणा रोड
ओ-रिंगबद्दल. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने साधं रबर फुगतं. बाऊल उघडल्यावर जुनी ओ-रिंग खाचेत परत बसत नाही ती यामुळेच. दाबून बसवली की कुठेतरी चिमटते आणि तिथूनच गळते. व्हायटॉनची (पेट्रोलमध्ये टिकणाऱ्या रबराची) मिळाली तर तीच घ्या. सिलिकॉन सीलंट लावू नका, पेट्रोलमध्ये त्याचे तुकडे सुटून जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक छिद्रात, जातात. बाऊलचे स्क्रू तिरप्या जोडीने थोडे थोडे आवळा. ॲल्युमिनियमचे आटे आहेत, मनगटाचा जोर लावला की गेले.

मेडिकल चौक
माझी साइड स्टँडवर लावली की गळून राहिली, मेन स्टँडवर नाही. निडल बदलू का भाऊ?

मानेवाडा
एवढ्यात नको. गाडी कलली की बाऊलमधलं पेट्रोल एका बाजूला चढतं. पातळी आधीच थोडी जास्त असेल तर नळीतून बाहेर येतं. ड्रेनच्या तोटीला पारदर्शक नळी लावून ती बाऊलला चिकटून वर धरा आणि ड्रेन स्क्रू सैल करा. मेन स्टँडवर पेट्रोल बाऊलच्या सांध्याच्या वर दिसलं तर फ्लोटची पत्ती किंचित वाकवून पातळी उतरवा.

सदर
आणि रात्रभर गळली असेल तर किक मारण्याआधी इंजिन ऑइल पाहा. पातळी वाढलीय आणि पेट्रोलचा वास येतोय तर ऑइल आधी बदला, मगच गाडी सुरू करा. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं. आरएक्स टू-स्ट्रोक, तिच्यात पेट्रोल क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या खालच्या पोटात, साचतं. कॉक बंद ठेवून प्लग काढायचा, प्लगची कॅप बाजूला ठेवायची, १०–१२ किक मारून ते बाहेर काढायचं.